सातानंतर आठ

वय विचारलं की ती मान किंचित तिरकी करून म्हणायची, "कुणाचं?" तुम्हाला वाटेल तसंच मलाही आधी वाटलं, बाई वय चोरतेय. पण हिच्याकडे वयं इतकी होती की चोरायची गरजच नव्हती.

नवी मुंबईत, बोनकोड्यातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने घेतानाच तिने सगळं सरळ सांगितलं. मूळची साताऱ्याकडची, महाप्याला एका कंपनीत नोकरी, वय छत्तीस. लहानपणी घरात जे सोसलं त्यात मन एकसंध राहिलं नाही. एकाच देहात वेगवेगळ्या वयाच्या तिघी राहू लागल्या. डॉक्टरांकडे जाते, घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळेच आय म्हणतो. आयने एवढंच विचारलं, मासळी चालते का. चालत होती. चौकशी संपली.

हळूहळू बाकीच्या दोघींशीही ओळख झाली. धाकटी सात वर्षांची. तिला कोळंबी सोलून द्यावी लागे आणि भात वाढेपर्यंत ती सगळ्यांचे पापड संपवायची. दुसऱ्या मोठ्या बाई, सत्तरीच्या. देह छत्तीसचा, पण त्या आल्या की जिना कठडा धरून, दम खात चढायच्या.

आय पासष्टची. आळीत तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. तिने बीपीची गोळी चुकवली तेव्हा मोठ्या बाईंनी तिला सुनावलं, "तुम्ही अजून लहान आहात. तब्येत सांभाळा." आयने पदर सावरला आणि मुकाट्याने गोळी घेतली. नंतर मला म्हणाली, वयाला मान द्यावा लागतो.

एकदा मी चेष्टेत विचारलं, छत्तीसच्या देहात सत्तरीची बाई आली कुठून?

"लहानपणी मला सांभाळणारं मोठं असं कुणी नव्हतं," ती म्हणाली. "मग आतलंच कुणीतरी मोठं झालं."



तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं, तरी धाकटी आपली सातच. सातव्या वर्षी तिच्यावर काहीतरी गुदरलं होतं, त्याबद्दल आम्ही कधी विचारलं नाही. त्याच्या पुढे काय असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. एका रविवारी आय मोरीशी कोळंबी सोलत बसली होती. धाकटी शेजारी येऊन बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "आठव्या वर्षी काय होतं?"

आयने हात थांबवले नाहीत. "काय नाय व्हत, पोरी. मंग नववा लागतं."

धाकटीने यावर आठवडाभर विचार केला असावा. पुढच्या रविवारी खाली येऊन तिने जाहीर केलं की ती आता आठची आहे. आयने लगेच पाट मांडून तिला ओवाळलं. ओवाळून घेताना ती डोळे पुसत होती. तिघींपैकी कुणाचे, ते मी विचारलं नाही.

पुढे तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. सामानाचा टेम्पो भरला. ती आयच्या पाया पडली, माझा हात दाबला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. टेम्पो हलला तेव्हा काचेला नाक चपटं करून कुणीतरी आमच्याकडे बघत दोन्ही हात हलवत होतं.

टेम्पो गल्लीच्या टोकाला पोचला. मी म्हटलं, आय, चला आत.

"थांब," आय म्हणाली. "मांगं वलून बगंल ती."