पिठातली मुंगी

उन्हात मुंगीमागे पळणारी बाई म्हणून गावात माझं नाव झालं, ते बाबांनीच केलं. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. वैशाखऱ्याजवळ, माळशेजच्या रस्त्यापासून आत आमचं गाव. मी कल्याणच्या कॉलेजात मुंग्यांवर प्रबंध लिहीत होते. सुट्टीत घरी आले की ऐन दुपारी गावामागच्या कातळावर जाऊन बसायचे. "माणसाच्या मागं एवढी पळाली असतीस तं लगीन तरी झालं असतं," असं बाबा मला म्हणायचे, आणि वर चार लोकांना ऐकवायचे.

त्या कातळावर मला एक मुंगी दिसली होती. लांब पायांची, मागचा भाग वर उचलून पळणारी. दगड तव्यासारखा तापला की बाकीच्या मुंग्या बिळात जातात. ही तेव्हाच बाहेर पडायची, आणि तीसुद्धा एकटी. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हे वाळवंटातलं जनावर. तुमच्या मुरबाडच्या पावसात छत्री टिकत नाही, तिथे ही काय करते? नमुना आणा, मग बोलू." नमुना म्हणजे मेलेली मुंगी, हातात. ती नसेल तर ओळख नाही, वर्णन नाही, प्रबंधात तिची एक ओळही नाही. दोन उन्हाळे मी गुडघे सोलून घेतले. पण ती हाती लागेल तर शपथ!

"सुकट ठेव तिच्या वाटंवर," बाबा म्हणाले. "सुकटीला कोन नाय म्हनतो?"

"तुम्ही तुमचा राब भाजा," मी म्हटलं.

राब म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी त्या तुकड्यावर शेण आणि पाला पसरून जाळायचा. आमचा तुकडा कातळाला लागूनच होता. त्या दिवशी बाबा राब भाजून आले, ओटीवरच्या खुंटीला शर्ट अडकवला, आईकडे पाणी मागितलं आणि खुंटीखालीच आडवे झाले. आई तांब्या घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं.

मला काही वाटलं नाही. उगाच कशाला खोटं सांगू? बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेजारून आलेला चहा सगळ्यांना पुरला का, तेवढं बघत होते. "पोरगी दगड झाली," कुणीतरी म्हणालं. खरंच होतं ते. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिने तांब्या खाली ठेवला नव्हता.

जिथे जीव गेला तिथे आमच्यात त्याच संध्याकाळी तांदळाचं पीठ चाळून पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला माणूस गेला. सकाळी आत्याने, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीने, टोपली उचलली.

"मुंगी! अगो बघा, दादा मुंगीच्या जन्माला गेला!"

पिठात बारीक रेघ उठली होती आणि रेघेच्या टोकाला मुंगी धडपडत होती. पिठाने पांढरी झालेली, लांब पायांची, मागचा भाग वर उचललेली. मी ओळखली. आत काहीही हललं नाही. उठले आणि पिशवीतून चिमटा आणि स्पिरिटची बाटली घेऊन आले.

"काय करतेस गो?" आत्या किंचाळली. "बापाला बुडवतेस?"

मी आईकडे पाहिलं. ती सरकत पुढे आली, तांब्यात बोट बुडवलं आणि मुंगीच्या पुढ्यात एक थेंब सोडला.

"घ्या," ती म्हणाली. "काल उशीर झाला मला."

मी बाटली पदराआड धरली. आईने मुंगी फणसाच्या पानावर घेतली आणि तुळशीपाशी सोडली. "मुंगी होऊन साखर खावी म्हनतात," आत्या डोळे पुसत म्हणाली, "चांगला जन्म हाय." दोन उन्हाळ्यांची मेहनत अंगणातून चालत निघून गेली. मला त्याचंही काही वाटलं नाही. एवढंच डोक्यात राहिलं, की ऐन दुपारची ही मुंगी रात्रीची घरात कशाला येईल?

तेराव्यानंतर बाबांचे कपडे कुणाला द्यायचे म्हणून आईने खुंटीवरचा शर्ट काढला. खिशात काड्या सुट्या होत्या. राब पेटवायला नेलेली काडेपेटी मात्र काड्यांशिवाय, अर्धवट उघडी. तिच्यात सुकटीचं एक डोकं आणि वाळून गेलेल्या लांब पायांच्या मुंग्या.

आईने पेटीकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग खुंटीखालच्या जमिनीकडे.

"म्हंजे ती यातली," ती म्हणाली. मग पेटी माझ्या हातात देत, "मंग माजं पानी त्यांना नाय पोचलं."

त्याच मुंग्यांवरून पुढे ओळख पटली. सरांनी डोळे पाहिले, कंबरेवरची खवल्यासारखी गाठ पाहिली, हनुवटीखालचे केस पाहिले आणि म्हणाले, "वाळवंटातलीच. तुमच्या कातळाला ती वाळवंट समजते." मी तिचं वर्णन लिहिलं, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून बाबांचं नाव घातलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी माझ्या हातात फक्त ती पेटी होती. वाळलेली मुंगी तशीच उचलली तर पाय मोडतात. तिला आधी ओल द्यावी लागते, मग पाय सैल होतात.

"आई," मी म्हटलं, "पाणी दे."

"कोनाला?"

"बाबांच्या मुंग्यांना. त्याशिवाय नाय जमायचं."

तिने तोच तांब्या आणला. बशीत कापूस ठेवून मी मुंग्या त्यावर मांडल्या, आणि आईने बोटाने थेंब थेंब पाणी सोडलं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. हळूहळू एकीचा आखडलेला पाय सुटला, आणि तेव्हा मी मोठ्याने रडायला लागले. आई पाणी घालत राहिली.