कॅलेंडरमागची काच

मित्रहो, आज सकाळी पांढुर्ण्यात, मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिथी पाहायला कॅलेंडर काढलं आणि हात तिथंच थांबला.

मागे भिंतीला केसाएवढी भेग होती. तिच्यावर सिमेंटनं आडवी चिकटवलेली बोटभर काच होती. मधोमध तडकलेली.

अशी काच मी चाळीस वर्षांपूर्वी पाहिली होती. ऐंशीच्या दशकात सौंसरला मी मास्तर होतो, माडीवर भाड्यानं राहायचो. भिंतीला भेग दिसली म्हणून म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. अशीच काच चिकटवून तो म्हणाला, "काच फुटली का समजा, भिंत चालून राहिली."

मी कविता शिकवणारा, मला ती उपमाच वाटली. "गोष्टीतल्या संतांची चालली तशी?"

"ते भिंतीवर बसले होते, मास्तर. तुम्ही खाली झोपून राहिले."

तिसऱ्या दिवशी चहा पिताना काच 'टिक्' करून तडकली. आम्ही कप तसेच टाकून उतरलो. पोळ्याच्या आत ती भिंत बसली.

आज मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कविता करून राहिले. घरमालक म्हणते, भेग जुनीच आहे."

"मग काच कोणी लावली? आणि तिच्यावर कॅलेंडर?"

त्यानं चपला घातल्या. आता चौथ्या मजल्यावरून उतरून आम्ही सगळे अंगणात बसलोय. मी इतर बिऱ्हाडांना हाका मारतोय.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "आमच्याकडेही घरमालकानंच टांगून दिलं जी कॅलेंडर. याच भिंतीवर."

तुमच्या घरातलं कॅलेंडर कोणी टांगलंय? जरा उचलून पाहता?