पितळी टोकाची तीन भोकं

धुळ्याच्या नूर महंमद सुतारांच्या हाताखालून चाळीस वर्षांत पलंग गेले, देवघरं गेली, मशिदीचे दरवाजे गेले. विमानाचा पंखा मात्र यंदाच आला. दुसऱ्या महायुद्धातला, लाकडी. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून घडवलेला, आणि वाळूखड्यांचा मार लागू नये म्हणून कडेला पितळी पत्रा ठोकलेला. जळगावच्या एका कॉलेजला तो भेट मिळाला होता. प्रदर्शनात मोटर लावून फिरवायचा होता.

नूरचाचांनी पोचे काढले, पॉलिश केलं. दोन्ही पात्यांच्या टोकाशी पत्र्याला तीन-तीन बारीक भोकं होती. झिजून पडली असतील म्हणून त्यांनी ती लांबीचा लगदा भरून बुजवली. पंखा टेम्पोत चढला.

त्या दिवशी जेवताना हात थांबला. झिजलेलं भोक इतकं गोल असतं? आणि तिन्हींत सारखं अंतर?

"जमीला, ती मुद्दाम पाडलेली होती गं," ते बायकोला म्हणाले. "आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकायला. मी मूर्खानं तोंडच बंद केलं."

"फोन करा ना."

केला. कुणी उचलला नाही. सकाळी पहिली बस धरली. पारोळ्याला बस चहाला थांबली, तेव्हा हे खाली उतरले, चढले, परत उतरले.

कॉलेजात पंखा मोटरला जोडून तयार होता. प्रदर्शन मांडणाऱ्या नूतन मॅडम हार मोजत होत्या.

"मॅडम, फिरवू नका."

"चाचा, तासाभरात पाहुणे येतायत!"

चाचांनी दाभणानं एक भोक मोकळं केलं. आतून काळा, ओलसर भुगा गळला. दोन रिबिटा काढून पत्रा उचलला. खालचं लाकूड कधीचंच कुजलेलं, बोटानं दबत होतं.

मॅडमनी हार खाली ठेवले. "हे फिरलं असतं तर?"

"पत्रा सुटला असता. पहिल्या रांगेत."

मोटर काढली. पंखा टेबलावर आडवा ठेवला, पत्रा तसाच उघडा. पाहुणे नाराज झाले. पोरं मात्र वाकून कुजकं लाकूड बघत राहिली, आणि चाचांना दुपारपर्यंत बोलावं लागलं.

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली नाही. एवढ्या वर्षांत आणखी काय काय आपण झकास बुजवून दिलं असेल, तेच ते आठवत होते.