आत्याचा उपास

मंडळी, आज मी शेजारच्या सुनेला डोंबिवलीत मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तिला आवाज ऐकू येतात, जेवणात विष कालवलंय असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, ती सोंग करत नाही. हा आजार आहे, औषधानं उतार पडतो."

घरी आल्यापासून मी नुसती बसून आहे. रडूही येत नाही.

एकोणीसशे बावन्नच्या सुमारास कल्याणला माझी आत्या अशीच जेवेनाशी झाली. घरच्यांना वाटलं, देवीनं उपास धरायला लावलाय. दर मंगळवारी बायका तिची ओटी भरायला येत. "आक्का, आमच्या वत्सूचं लग्न कधी जमेल हो?" आत्या अंग चोरून मागे सरके.

एकदा ती मला हळूच म्हणाली, "शकू, आधी तू घास खा, मग मी खाते." मी खाल्ला, मग तीही जेवली. आजीनं पाहिलं. "कार्टे, देवीचा उपास मोडलास." पाठीत धपाटा बसला.

त्यानंतर मी आत्याच्या ताटाजवळ गेले नाही. महिन्याभरात ती गेली.

मी नऊ वर्षांची होते, ठाऊक आहे मला.

तुमच्या घरात होतं का असं कुणी, जिला भरवायचं सोडून सगळे पायाच पडत राहिले?