जित्या लाडूची श्रद्धांजली

आमच्या शहापुरात हायवेच्या कडेनं जेवढे फ्लेक्स लागते, त्यातले अर्धे माह्या दुकानातून निघते. वाढदिवस, नियुक्ती, दहावी पास, तेरवी, सारं. कोणाचा चेहरा गोरा करायचा अन् कोणाचं टक्कल झाकायचं, हे मले पाठ आहे. पण भूपेंद्रसारखं गिऱ्हाईक मी नाही पाहिलं बाप्पा.

भूपेंद्र माह्यासंग शाळेत होता. धानाची शेती त्याचा बाप पाहते, हा प्लॉटची दलाली पाहते, अन् उरलेल्या वेळात नेता होते. ग्रामपंचायतीले एकदा उभा राहिला अन् आपटला. घरातली तरी सारी मतं याले पडली का नाही, यावर पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता अजून चर्चा होते. मंग यानं नागपूरहून लॅब्रडॉरचं पिल्लू आणलं, अन् याचं नशीब उघडलं.

पिल्लाचा पहिला वाढदिवस आला. हा दुकानात येऊन म्हणे, "इश्वर, दहा बाय पंधराचा बनव. लिही, आमचे लाडके टायगर भाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. खाली शुभेच्छुक, भूपेंद्र भाऊ मित्रपरिवार." मी हासलो. तो नाही हासला. फोटोत कुत्रा गॉगल लावून, अन् भूपेंद्र त्याच्या मानेवर हात ठेवून. तो फ्लेक्स मोबाईलवर इतका फिरला का वरठीपासून करडीपर्यंत लोक याले ओळखू लागले. कुत्र्यावाला भूपेंद्र! तेव्हापासून दरवर्षी फ्लेक्स, केक अन् फटाके. फटाके फुटले का टायगर भाऊ पलंगाखाली.

घरात त्याले टायगर कोणीच म्हणे नाही. भूपेंद्रची बायको, हर्षावहिनी, त्याले लाडू म्हणे, अन् तो लाडूलेच ओ दे. भाकर-दूध वहिनीनं चारावं, गोचीड वहिनीनं काढावे, फिरवायले वहिनीनं न्यावं. लेकरूबाळ नाही त्याईले. गावातल्या बाया म्हणत, "हर्षा कुत्र्यालेच पोरगा समजते." वहिनी चिडून म्हणे, "पोरगा कायले समजू? तो लाडू आहे. लाडू असणं पुरत नाही का?"

औंदा दिवाळीनंतर लाडूनं खाणं सोडलं. पोट फुगलं, उठता-बसता कण्हू लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात लावून सांगितलं का पोटात गाठ आहे, नागपूरले न्या. नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं काही लपवलं नाही. म्हणे, ऑपरेशन अन् तपासण्या सारं धरून चाळीस हजार. लवकर केलं तर वर्ष-दोन वर्षं काढू शकते, नाही बी काढणार. झेपत नसन तर दुखणं कमी करायचं औषध न्या, अन् त्याले सोसवेना झालं का आणा, इंजेक्शन देऊ, झोपेतच जाईल. पण घरी तडफडत ठेवू नका.

चाळीस हजार! शहापुरात दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब सगळ्याइले येते. कोणी म्हणे, तेवढ्यात गाय येते. भूपेंद्रचा बाप देवाजी गुडघे चोळत म्हणे, "माहे टोंगळे कितीक वर्षांपासून दुखून राहिले. मले कोणी नागपूर दाखवलं का गा?" म्हाताऱ्याचं काही चूक नव्हतं. खोटं कायले बोलू, माह्या मनात बी तेच आलं. जनावरावर एवढा पैसा लावणं सगळ्याइले जमत नाही, अन् नाही जमलं त्यात लाज नाही. वहिनी बी हे समजे. ती नवऱ्याले म्हणे, "ऑपरेशन नाही होत तर नका करू. औषध तरी आणा. अन् वेळ आली का गाडी काढा. पण काहीतरी एक ठरवा जी."

भूपेंद्र म्हणे, "पाहू." आमच्याकडे सोयरिकीपासून डांबरी रस्त्यापर्यंत 'पाहू' म्हणजे काय, हे सगळ्याइले माहीत आहे. गाडी त्याची, चाबी त्याच्या खिशात. वहिनी रोज विचारे, हा रोज पाहे. लाडू मागच्या खोलीत पोतं टाकून पडला राहे.

अन् एक दिवस हा माह्या दुकानात. "इश्वर, श्रद्धांजलीचं डिझाइन लाव."

मी म्हटलं, "गेला का बे?"

"जाऊनच राहिला ना. गुरुवारी साहेब आपल्या हायवेनं चालले. जिल्हा परिषदेचं तिकीट त्याईच्या हातात आहे. नजरेत आलं पाहिजे का नाही?"

बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी! तिकिटाचा पत्ता नाही, अन् यानं सांगितले मोठ्ठे मोठ्ठे फ्लेक्स, बांबूच्या फ्रेमा, मांडव, वरून तेरवीले गावजेवण. मी कॅल्क्युलेटर त्याच्या नाकाखाली धरला. म्हटलं, "पाहा. चाळीस हजाराच्या वर गेलं. इतक्यात तर कुत्रा वाचते बे."

त्यानं माह्याकडे असं पाहिलं जसा मीच बयाड आहो. म्हणे, "अन् वाचला तर पाहते कोण?"

असा संताप आला का मशीन त्याच्या डोक्यात घालावी. पण मशीन महाग आहे. छापून देल्ले. धंदा आहे माहा, तुमाले काय म्हणायचं ते म्हणा.

गुरुवारी सकाळी हायवेवर जिकडे पाहा तिकडे टायगर भाऊ. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मेल्या म्हशीले मणभर दूध म्हणते ना, इथं तर म्हैस मेली बी नव्हती. भूपेंद्रनं मले फोटो काढायले हायवेले लागूनच असलेल्या त्याच्या घरी बोलावलं होतं. त्याची अटकळ अशी का साहेब काच खाली करतीन, हात जोडतीन, अन् आपण तो फोटो गावभर फिरवू. पण निवडणूक जवळ आली का पुढाऱ्यायच्या अंगात भलतीच माया येते. साहेबायची गाडी फ्लेक्सपाशी थांबली अन् सरळ याच्या अंगणात वळली. सांत्वनाले!

भूपेंद्रचं तोंड पाहण्यासारखं झालं. "हर्षा, त्याच्या खोलीले कडी लाव! पटकन!" वहिनी उठून चहा टाकायले गेली.

साहेब खुर्चीत बसले. मागं माणसंच माणसं. "फार वाईट झालं, भूपेंद्र. मुका जीव. कधी गेला?"

"काल पहाटे, साहेब. माह्या मांडीवर," भूपेंद्र म्हणे, अन् डोळ्याले रुमाल लावला. मी फोटो काढला. काय करता!

वहिनी चहा घेऊन आली. तिनं तिथंच, सगळ्याइसमोर, बिस्किटाचा पुडा फोडला. मुद्दाम फोडला का, हे मी तिले कधी विचारलं नाही. त्या आवाजासंग मागच्या खोलीचं दार ढकललं गेलं. कडी लावलीच नव्हती. दोन दिवसांपासून न उठलेला लाडू भिंतीले घासत घासत बाहेर आला. शेपूट हालवायचा जीव नव्हता, तरी हालवली. साहेबायच्या पायापाशी आला अन् त्याईच्या बुटावर डोकं ठेवून पडला.

साहेबायनं विचारलं, "हा... दुसरा आहे का?"

"हो हो साहेब," भूपेंद्र म्हणे, "त्याचा भाऊ."

"भाऊ-बिऊ नाही जी," वहिनी म्हणे. आवाज चढवला नाही तिनं. "हाच तो. जिता आहे अजून. याले दवाखान्यात न्यायले माह्या घरी कोणाले सवड भेटली नाही. फ्लेक्स लावायले भेटली."

साहेब मुरलेला माणूस. त्याईनं हळूच लाडूच्या डोक्याखालून पाय काढून घेतला, "काळजी घ्या" म्हटलं अन् चहा तसाच सोडून निघाले. मागची माणसं दात काढत निघाली. वहिनीनं भूपेंद्रच्या खिशात हात घालून चाबी काढली अन् माह्या हातात ठेवली. "इश्वरभाऊ, चाला." भूपेंद्र खुर्चीत बसूनच राहिला.

नागपूरले डॉक्टरीणबाईनं पाहिलं अन् मान हालवली. म्हणे, आता ऑपरेशनची वेळ गेली. इतके दिवस बिनाऔषधाचं फार सोसलं यानं. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "लाडू, झोप रे बाप्पा. मी आहो." इंजेक्शन देल्लं, अन् त्याचं कण्हणं थांबलं. मी ढसाढसा रडलो. त्या इंजेक्शनचे पैसे माह्या सगळ्यात लहान फ्लेक्सपेक्षा कमी झाले.

धानाच्या बांधीवर त्याले पुरला. तेरवी झाली नाही. फ्लेक्स देवाजीनं सोडून नेले अन् वावरात धानाच्या पुंजण्यावर झाकले. हायवेवरून जाता जाता दिसते अजून, धानाच्या ढिगावर पालथा भूपेंद्र.

काही दिवसांनी वहिनी दुकानात आली. म्हणे, "मले लाडूचा एक फोटो पाहिजे. त्याच्या एकट्याचा." मी कॉम्प्युटर धुंडाळला. पहिल्या वाढदिवसापासूनचे सारे फोटो पाहिले. त्याच्या एकट्याचा एक नाही. सगळ्यात भूपेंद्र. एकातून मी भूपेंद्रले कापून काढलं, तरी मानेवर त्याचा हात राहून गेला. म्हटलं, "वहिनी, एवढा हात राहते."

"तो बी काढा," ती म्हणे.

हाताच्या जागी केसं भरता भरता माही दुपार गेली. फ्रेम करून तिच्या घरी मीच नेऊन देल्ली. भूपेंद्र ओसरीत बसला होता. त्यानं फ्रेम हातात घेतली. मंग फोटोतल्या मानेवर बोट ठेवून म्हणे, "इश्वर, इथं माहा हात होता ना गा?"

"होता," मी म्हटलं. "फोटो निघेपर्यंत होता."