आईची जीभ पाहिली तेव्हा

माझ्या कमरेतली चकती सरकली आणि मी बरेच महिने अंथरुणाला खिळले. बुलडाण्यात एका सरकारी कचेरीत मी कारकून. खुर्चीत बसून बसून कंबर गेली, असं सगळे म्हणाले. सुरुवातीला तर कूस बदलायलासुद्धा नवऱ्याचा हात धरावा लागायचा. तेव्हा आई जळगाव जामोदहून बस बदलत, घाट चढून माझ्याकडे आली. ती लेकीच्या घरी फार राहणारी नाही. आली, माझ्या उशाशी बसली, चार-सहा दिवस माझी वेणीफणी केली आणि परत गेली. जाताना माझ्या दोन्ही पायांवरून हात फिरवून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. देवाचं नाव घेत असेल, असं मला वाटलं.

हाडांच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून गावातल्याच एका अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागले. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. त्या आधी जीभ पाहायच्या, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसायच्या, आणि मग केसासारख्या बारीक सुया टोचायच्या. मी उभी राहिले, चालू लागले. सुयांमुळे, औषधांमुळे की नुसत्या विश्रांतीमुळे, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या बाईंवर माझा जीव जडला खरा. त्यांनी रविवारी चिनी वैद्यकाच्या मूळ कल्पना शिकवायचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिलं नाव मी दिलं.

आम्ही सात-आठ जण होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘ची’ लिहिलं. माझ्या शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “ची? कोणाची?” सगळे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, “कोणाचीच नाही, तीच तर गंमत. अंगातून वाहते ती शक्ती. वाहती राहिली तर माणूस बरा, अडली की दुखणं.” यिन आणि यांग समजावताना त्यांनी खिडकीतून घाटाकडे बोट दाखवलं. “डोंगर एकच. एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली. दुपार झाली की बाजू बदलते. शरीरातही तसंच. ऊन वाईट नाही, सावली वाईट नाही. एकच बाजू वाढत गेली की बिघडतं.”

मला ते फार आवडलं. आयुष्यभर आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला असं काही ऐकायला मिळालं की तो हरखून जातो. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशी त्यांची पाच तत्त्वं. आपल्या पंचमहाभूतांशी ती जुळवायला गेलो की बाई रागवायच्या. “हे वेगळं घर आहे. इथे आपली भांडी लावू नका.” लाकडातून अग्नी, अग्नीच्या राखेतून माती, अशी प्रत्येक तत्त्वाला एक आई आणि एक लेकरू. लेकरू अशक्त असेल तर आईला पोसायचं, हा एक नियम. आणि दुसरा असा, की लेकरू फार खंगलं तर ते आईची शक्ती ओढून घेतं, मग आईच आजारी पडते. हे ऐकताना मी हसून मान डोलावली होती. घरोघरी हेच चाललेलं असतं, असं काहीतरी बोललेही असेन.

रविवार असे भरून गेले. इकडे आई फोनवर दर वेळी विचारायची, “कवा येतं तू?”

“पुढच्या रविवारी बघते गं. या रविवारी जीभ शिकवणार आहेत.”

“बरं. शिकून घे. मंग येजो.”

आवाजात तक्रार नसायची. बाकीच्या दिवशी कचेरी, शनिवारी घरची कामं, आणि तीन तास बसमध्ये बसायची माझ्या कमरेला भीती. कारणं खोटी नव्हती. पण वर्गाला जाताना कंबर कधी आडवी आली नाही, हेही खरं.

ज्या रविवारी मातीचा धडा झाला, त्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. माती म्हणजे पचन, पोषण, आणि मनातली चिंता. ती कमजोर झाली की जीभ फिकी पडते, फुगते, कडेला दातांचे ठसे उमटतात. घरात सगळ्यांच्या जिभा पाहून झाल्या होत्या, आता आईची बाकी होती. मोबाइल भावजयीने धरला होता.

“आई, जीभ दाखव.”

“काय बाई तरी एकेक! लहान लेकराले सांगतेत तसं.” पण तिनं दाखवली.

फिकी, जवळजवळ पांढरी. कडेला दातांचे ठसे. आणि जिभेकडे पाहता पाहता मला तिचा चेहराही दिसला. गाल बसलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या.

“तू जेवतेस ना नीट?”

“जेवतो ना बाई. काय नाही जेवत?” असं म्हणून तिनं विषय बदलला. मोबाइल हलला, भावजयीचा चेहरा क्षणभर दिसला. ती माझ्याकडे न पाहता बाजूला पाहत होती.

ते बाजूला पाहणं माझ्या मनात रुतून बसलं. रात्रभर मी धडा आणि तो चेहरा जोडत राहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून, जेवणाच्या सुट्टीत, मी भावजयीला फोन केला. मी मोठी नणंद, ती धाकट्या भावाची बायको. तिच्याशी बोलताना शब्द तोलायची सवय मला कधी लागलीच नव्हती.

“आईला दोन्ही वेळ गरम जेवण मिळतं ना?”

ती काही बोलायच्या आत मीच पुढे म्हणाले,

“मी जीभ पाहिली तिची. पोषण नाही मिळत तिला. तिची माती पार गेली आहे.” ‘माती’ म्हणजे काय हे तिला कळणार नाही, एवढाही विचार मी केला नाही. “म्हातारं माणूस मागून खात नाही गं. बघून वाढावं लागतं.”

“ताई,” ती म्हणाली. “हे तुमच्या मायलेच इचारा.” आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. “काय बोलली तू तिले? दुपारपासून रडून राह्यली ते. भाजीले फोडणी देता देता रडते, मले सांगत काहीच नाही.”

“मी फक्त आईच्या जेवणाचं विचारलं.”

त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, “तू ये एकदा. फोनवर नोको बोलू.”

मला अजूनही वाटत होतं की माझंच बरोबर आहे. भाऊ बायकोची बाजू घेतोय, दुसरं काय. शनिवारी मी निघाले. मोताळ्यापर्यंत घाट उतरताना कंबर धरून बसले होते आणि मनातल्या मनात भावजयीला काय काय सुनावायचं ते घोळवत होते. नांदुऱ्याला गाडी बदलली. जळगावला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठली ती भिंतीचा आधार घेऊन. तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं.

“चालत आली स्टँडावरून?”

“हो. का?”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली आणि हातातल्या शेंगा तशाच ठेवून डोळ्यांना पदर लावला.

दिवेलागणीला भावजयीने ताटं वाढली. भावाचं, माझं, तिचं स्वतःचं. आईचं नाही. मी भावजयीकडे पाहिलं. आता हिला धरलंच, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे वळून म्हणाली, “आत्याबाई, आता तरी सांगा. नाही तं मी सांगतो. मले दिलेली शपथ गेली चुलीत.”

आई भिंतीला टेकून बसली होती. हसली. लाजल्यासारखं हसली.

“देवीले बोलली होती मी,” ती म्हणाली. “तू खाटल्यावर होती तवा. माही लेक आपल्या पायानं चालत तुह्या पायरीवर येईन, तवा रोडगे करीन. तोवर एकच टाइम जेवीन. एवढंच.”

मी घास परत ताटात ठेवला. “पण मी तर केव्हाची चालायला लागले, आई!”

“चालाय लागली. पन पायरीवर कुठी आली?”

“मग सांगितलं का नाहीस? मी आले असते.”

“काऊन सांगू? तू शिकून राह्यली होती. दर ऐतवारी तुहा क्लास. म्हटलं, मरता मरता वाचली पोरगी, काहीतरी मन लावून करून राह्यली, करू दे. मीच वढून आनली तं मंग तू देवीसाठी नाही, माह्यासाठी आली असती.” आणि मग, जणू माझीच समजूत काढायला, “मले काही त्रास नाही झाला. रातच्याले भूकच लागत नाही आता.”

मी भावजयीकडे पाहिलं. ती ताटातली भाकर मोडत होती, खात नव्हती. इतके महिने रोज संध्याकाळी तिनं सासूला दोन घास खा म्हणून विनवलं होतं. आईनं त्या दोघांनाही माझीच शपथ घातली होती, ताईला सांगशील तर तिची कंबर पुन्हा जाईल म्हणून. हे भाऊ सांगत होता. ती नाही. लेकरू आईची शक्ती ओढून घेतं, हे मी वर्गात हसत ऐकलं होतं. जे शिकायला मी आईकडे जाणं टाळत होते, त्यातच ते लिहिलेलं होतं, आणि आईची जीभ पाहूनही मला दिसली ती भावजय.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या देवीच्या ठाण्यावर गेलो. भावानं गोवऱ्या, कणीक, वांगी आणली होती. पायऱ्या फार नव्हत्या. मी एकेक चढत होते आणि आई खाली उभी राहून पाहत होती. तिच्या अंगात चढायचं बळ नव्हतं. भावानं तिला मागाहून हाताला धरून वर आणलं. वर पोचल्यावर मी हात जोडले, पण देवीशी काय बोलायचं ते सुचलं नाही.

खाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजायला घातले होते. भावजय चिमट्यानं ते उलटत होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. कंबर दुखली, दुखू दिली.

“माझं चुकलं गं. मला माफ कर.”

ती रोडगा उलटत राहिली. मग म्हणाली, “ताई, तुम्ही मले इचारलं असतं तं मले राग नसता आला. शपथ मोडून सांगून देलं असतं मी. पन तुम्ही इचारलंच नाही. तुम्ही ठरवून फोन केला.”

“हो.”

“माह्या हातचं खाऊन तुमची माय उपाशी राह्यते, असं तुमच्या मनात आलं कसं?”

मी एक गोवरी निखाऱ्यात सारली. म्हणाले, “माफ कर.”

“हाव,” ती म्हणाली. निखाऱ्यांवरून नजर न उचलता.

त्या दिवशी सूर्य मावळल्यावर आईनं पहिल्यांदा ताट घेतलं. रोडग्याचा एक तुकडा, तुपात बुडवून, वरणाबरोबर. बऱ्याच वेळानं तो संपला. अर्धं ताट तिनं हळूच बाजूला सारलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिला तिथल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. रक्त फारच कमी झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाण्याचं सांगितलं, महिन्यानं परत बोलावलं. घरी आल्यावर मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याखाली चार बोटांवरचा तो पोषणाचा बिंदू दाबू लागले. “लेकीकून पाय दाबून घेऊ का आता?” म्हणत तिनं पाय ओढून घेतला. मग माझा चेहरा पाहून पुन्हा पुढे केला. मला बरं वाटावं म्हणून तिनं पाय दिला होता, हे मला कळत होतं. तरी मी दाबत राहिले.

पुढच्या रविवारी वर्गानंतर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ फळा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “जिभेवर जीभ दिसते. घर दिसत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि एवढी फिकी जीभ दिसल्यावर आधी रक्त तपासायला पाठवायचं, हेही.” त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. मला ते बरंच वाटलं.

मी आता महिन्यातून एकदा तरी जळगावला जाते. आईच्या गालांवर थोडा रंग आलाय, भिंतीला न धरता उठते. पण संध्याकाळची भूक काही परत आली नाही. इतके महिने ज्याला नाही म्हटलं, ते पोट आता हो म्हणायला तयार नाही. भावजय माझ्याशी चांगली वागते. पोचल्यावर पाणी देते, चहा करते, निघताना डबा बांधून देते. पूर्वी ती मला फोनवर उगाचच बाजारातल्या, शेजारच्या गोष्टी सांगायची. ते बंद झालं.

मी रोज दिवेलागणीनंतर फोन लावते.

“जेवलीस का?”

“जेवली ना बाई.”

“काय खाल्लंस?”

“सगळंच खाल्लं.”

ती खरं बोलते की मला बरं वाटावं म्हणून बोलते, मला कळत नाही. ते ठाऊक असणारं माणूस तिथेच, तिच्या बाजूलाच असतं. भावजयीच्या भांड्यांचा आवाज मला ऐकू येतो. फोन तिच्याकडे दे, एवढंच आईला म्हणायचं. रोज ते ओठांवर येतं, आणि मी “बरं, झोप आता” म्हणून फोन ठेवते.