डब्याची झडती

"आदी बघू, मग बोलू," असं म्हणून अण्णा सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात ठेवत. वासराला ताप आहे का, ते बघावं तसा. बोलण्याआधी घसा खाकरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. अण्णा बोलण्याआधी हात लावून बघत.

वडगावातल्या आमच्या साडीच्या कारखान्यात मी डिझाइन ऑपरेटर. काठ-पदराची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची आणि सर्व्हरवर ठेवायची. तिथून ती कारखान्यातल्या आणि वडगावातल्या विणकरांच्या मागांवर जात. सर्व्हर अण्णांकडे. ते मूळचे माग दुरुस्त करणारे, कॉम्प्युटर चाळिशीनंतर शिकलेले. रोज सांबऱ्याहून बसने येत. मला सगळं त्यांनीच शिकवलं. माझं चुकलं की म्हणत, "घाबरतीस कशाला गं? मशीन काय तुजी सासू न्हाय."

लग्नसराईच्या तोंडावर तो सर्व्हर पडायला लागला. डिझाइनची फाइल उघडावी, तर मोराच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. डिस्क दुरुस्त करून पुन्हा चालू केला की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. रोज वेगळी प्रत काढून ठेवत होतो, पण तिच्यातही बिघडलेल्याच फाइली जात होत्या. शेवटी एका रविवारी अण्णा एकटेच कारखान्यात येऊन तपासत बसले. दुपारी त्यांचा मला फोन आला, "सापडलं गं! उद्या सांगतो."

तो उद्या आलाच नाही. सोमवारी सकाळी मॅनेजरने, म्हणजे मालकांच्या भाच्याने, त्यांना गेटवरच अडवलं. "सुट्टीच्या दिवशी येऊन हाच डिझाइनं चोरतो, आणि वर फाइली पुसतो. उघडा ह्याची पिशवी!"

पाळीवर आलेले सगळे उभे होते. वॉचमनने पिशवी उलटी केली. डबा उघडला. पेन ड्राइव्ह सापडावा म्हणून भाकरीची घडीसुद्धा उलगडून बघितली.

"तुम्ही ह्याच्या शेजारी बसता," मॅनेजर मला म्हणाला. "हा रविवारी कशाला आला होता?"

मी चपलांकडे बघत म्हणाले, "मला माहीत नाही, सर."

अण्णांनी भाकरीची पुन्हा घडी घातली, डबा लावला आणि आल्या पावली परत गेले.

सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. तो बंद पडला की मी अण्णांना फोन करायची.

"अण्णा, परत पडला."

"किती वाजता?"

"साडेअकराला."

"झ्याक." की फोन बंद.

कधी कधी त्यांचाच यायचा. "पडला काय?"

"हो, आत्ताच."

"आज उशीर केला की त्यानं."

बाहेरून दोन इंजिनिअर आणले. त्यांनी डिस्क बदलली, केबली बदलल्या, यूपीएस बदलला. मेमरी तासभर तपासली, ती ठीक निघाली. सर्व्हर पडतच राहिला. वडगावातले माग डिझाइनवाचून थांबले, तेव्हा मी सांबऱ्याला गेले.

"अण्णा, विणकरांनी काय केलंय? त्यांचे माग बंद आहेत."

"माजा डबा उघडला तवा तू हुतीस की तितं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ह्यो दिवस यायची मी वाट बघत हुतो. तुज्या मालकाला सांग, मी येतो. पर आदी मॅनेजरची झडती. त्याच गेटवर, त्याच पाळीम्होरं."

मालकांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी हो म्हणाले.

त्याच वॉचमनने मॅनेजरची बॅग उघडली. लॅपटॉप, पित्ताच्या गोळ्या, केस काळे करायची डबी. कुणीतरी हसलं. मॅनेजरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं सांगते, मला फार गोड वाटलं.

"बाजूचा खिसा ऱ्हायला," अण्णा म्हणाले. तोही उघडला. त्यात फक्त रुमाल होता.

मग ते माझ्याकडे वळले. "आता तुजी पर्स."

"अण्णा..."

"उघड."

मी उघडली. कंगवा, बसचा पास, सेफ्टी पिना, अर्धी चिक्की. सगळ्या पुरुषांसमोर एकेक वस्तू वॉचमनच्या टेबलावर मांडली. अण्णांनी प्रत्येक वस्तू नीट बघितली. मग आत गेले, सर्व्हर उघडला आणि मॅनेजरनेच लग्नसराईआधी कुठूनतरी जुनी आणून बसवलेली मेमरीची पट्टी उपसून काढली.

"गरम झाल्याबिगार ही चुकत न्हाय," ते मालकांना म्हणाले. "तासाभरात काय कळणार? दिवसभर बसाय लागतंय. डिस्कचा काय बी दोष नव्हता. हिनं चुकीचं दिलं, तिनं लिवून घेतलं."

मालकांनी परत कामावर या म्हणून हात जोडले. अण्णा हातातली पट्टी टेबलावर ठेवून निघून गेले. तेव्हापासून सर्व्हर एकदाही पडलेला नाही. मॅनेजर महिन्याभरात बोरगावच्या गोदामावर गेला. अण्णांनी माझा फोन उचलणं बंद केलं.

मी तीनदा सांबऱ्याला जाऊन आले. दोनदा दाराला कुलूप होतं. तिसऱ्यांदा दार लोटलेलं होतं, बाहेर चपला होत्या. मी हाक मारली.

आतून अण्णांचाच आवाज आला, "अण्णा घरात न्हाईत."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. "कधी येतील?"

आतून पुन्हा तोच आवाज आला, "सांगून गेले न्हाईत."